साखळी हवी, पण जमिनीवर

भिवंडी तालुक्यातले अकलोली बहुतेकांना माहीत असते ते गरम पाण्याच्या कुंडांमुळे. वज्रेश्वरी-गणेशपुरीला येणारी मंडळी इथे अंघोळ करून, रामेश्वराचे दर्शन घेऊन पुढे जातात. गावाला लागूनच तानसा वाहते. वर शहापूर तालुक्यात तिच्यावर मुंबईला पाणी पुरवणारे धरण आहे, १८९२ सालचे. पावसाळ्यात ते भरून वाहू लागले की शहापूर, भिवंडी आणि वसई तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. धरण मुंबई महापालिकेचे, इशारा खाली पोहोचवायचा महसूल यंत्रणेने, गावात सांगायचे ग्रामपंचायतीने, आणि पाणी शिरणार ते गावकऱ्यांच्या शेतात नि दुकानांत.

अशा नदीवर पातळी मोजणारे सेन्सर बसवणे आता अवघड राहिलेले नाही. मोबाइलला रेंज नसेल तिथून उपग्रहामार्फत आकडा पाठवता येतो, पूर आल्यावर ड्रोन उडवून पाहणी करता येते. अवघड आहे ते पुढचे. पाणी किती वाजता सुटले, सेन्सरने काय दाखवले, इशारा कधी पोहोचला, यावरून उद्या वाद झाला तर कोणत्या खात्याच्या सर्व्हरवरची नोंद खरी धरायची? ती मागाहून कोणी बदलली नाही, हे कशावरून? आणि मुळात तो आकडा नदीवरच्याच सेन्सरने पाठवला, त्याच्या नावाने दुसऱ्या कोणी नाही, याची खात्री कशी पटवायची?

उपग्रह, ड्रोन आणि जमिनीवरचे टॉवर एकत्र गुंफणाऱ्या जाळ्यांत यंत्रांच्या सुरक्षेसाठी ब्लॉकचेन, म्हणजे अनेकांकडे प्रती असलेली साखळीबद्ध नोंदवही, वापरावी, ही कल्पना याच प्रश्नांतून आली. गेल्या दहाएक वर्षांत तिच्यावर ढीगभर संशोधन झाले. त्यातले काय टिकाऊ आहे आणि कशाचा नुसता गाजावाजा आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

तीन थर, अनेक मालक

या जाळ्याचे तिन्ही थर आपल्या आसपास आहेतच. जमिनीवर भिवंडीच्या गोदामांत तापमानाचे सेन्सर, कॅमेरे, दरवाजांची इलेक्ट्रॉनिक कुलपे आहेत. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठिकाण कळवणारे यंत्र आणि धोक्याचे बटण सक्तीचे झाले. ते यंत्र उपग्रहांवरून आपले ठिकाण काढते आणि मोबाइलच्या जाळ्यातून ते कळवते, म्हणजे दोन थर त्यातच एकत्र आले.

हवेतल्या थराचे उदाहरण शेजारच्या पालघर जिल्ह्यात सापडते. डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावाला कोविड लशीचे ३०० डोस ड्रोनने पाठवले गेले. रस्त्याने ४० मिनिटांचे अंतर ड्रोनने नऊएक मिनिटांत कापले. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली आणि पुढे २०२० मध्ये अशाच मोजणीची ‘स्वामित्व’ योजना देशभर आली. याच थरात, सुमारे २० किलोमीटर उंचीवर महिनोन्‌महिने घिरट्या घालणारी सौरविमानेही येऊ घातली आहेत.

वरचा थर महाराष्ट्राला नवा नाही. परदेशांशी उपग्रहामार्फत संपर्क साधणारे देशातले पहिले भूकेंद्र १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यात आर्वीला सुरू झाले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमातच मासेमारी नौकांवर १ लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा देशपातळीवर प्रारंभ झाला. इस्रोने विकसित केलेले हे यंत्र मोबाइलची रेंज संपल्यावरही उपग्रहामार्फत किनाऱ्याशी दोन्ही बाजूंनी संदेश देऊ-घेऊ शकते. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य शासनाने उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीमसारखे जिल्हे त्यात डोळ्यांसमोर आहेत. मोबाइलच्या जागतिक मानकांतही २०२२ पासून उपग्रहांना जागा मिळाली आहे, त्यामुळे पुढे एकच चिप टॉवर आणि उपग्रह दोघांशी बोलेल.

सोय मोठी, पण सेन्सरचा एक आकडा सर्व्हरवर पोहोचेपर्यंत यंत्राचा उत्पादक, ड्रोन चालवणारी कंपनी, कदाचित परदेशी असलेली उपग्रह कंपनी, भूकेंद्र, दूरसंचार कंपनी आणि सरकारी खाते एवढ्या हद्दी ओलांडतो. सगळ्यांवर देखरेख ठेवणारा एकच मालक नसतो. सुरक्षेचा पेच इथूनच सुरू होतो.

घाव कुठे बसतो

२०१६ च्या ‘मिराई’ या मालवेअरने पहिला मोठा धडा दिला. कारखान्यातून आलेला पासवर्ड ज्यांच्यावर तसाच राहिला होता, असे कॅमेरे आणि राउटर साठेक ठरावीक पासवर्डांची यादी चालवून ताब्यात घेतले गेले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच यंत्रांच्या फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे काही तास उघडेनात.

दुसरा धडा २४ फेब्रुवारी २०२२ चा. रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये घुसण्याच्या सुमारास ‘का-सॅट’ उपग्रहावर चालणाऱ्या इंटरनेट सेवेचे हजारो मोडेम एका फटक्यात निकामी झाले. जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांची दूरस्थ देखरेख बंद पडली. चक्क्या फिरत राहिल्या, पण दुरून त्यांच्याकडे पाहता येईना. उपग्रहाला मात्र धक्का लागला नव्हता. हल्लेखोर जमिनीवरच्या व्यवस्थापन जाळ्यात सदोष मांडणीच्या व्हीपीएनमधून शिरले आणि मोडेमना आतूनच, अधिकृत वाटेल असा हुकूम देऊन त्यांची स्मृती पुसली.

तिसरे उदाहरण भिवंडी तालुक्यातलेच. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई आणि परिसर अंधारात गेला, त्यात पडघा-कळवा या ४०० केव्ही वाहिन्यांचा संबंध होता. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. कोण बरोबर, हा इथला मुद्दा नाही. एवढ्या मोठ्या घटनेनंतर दोन सरकारे दोन निष्कर्ष सांगतात, तेव्हा सर्वांना मान्य होईल अशा नोंदीची किंमत कळते.

या तिन्ही प्रकारांना ब्लॉकचेनचा उपयोग झाला असता का? मिराईला नाही. तिथे पासवर्ड बदलणे पुरेसे होते. का-सॅटच्या बाबतीत, मोडेमला जाणारा प्रत्येक मोठा हुकूम दोन-तीन स्वतंत्र पक्षांच्या सहीशिवाय लागूच होणार नाही अशी व्यवस्था असती, तर कदाचित. नुसती नोंद ठेवणारी ब्लॉकचेन असती तर तिने हल्ल्याची नोंद नीटनेटकी ठेवली असती, एवढेच. पडघ्यासारख्या प्रसंगात मात्र हल्ला थांबवण्यासाठी नाही, तर नंतरच्या चौकशीसाठी तिचा खरा उपयोग आहे.

नोंदवहीची रीत

तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत जुनी नोंद खोडत नाहीत. बदल झाला की पुढच्या क्रमांकाची नवी नोंद घेतात आणि मागचा माग तसाच राहतो. ब्लॉकचेन हीच रीत गणिताने पक्की करते. नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यातून ३२ बाइटांचा एक ठसा काढला जातो, त्याला हॅश म्हणतात. पुढच्या गठ्ठ्यात मागच्याचा हॅश गुंफलेला असतो, त्यामुळे जुन्या नोंदीतले एक अक्षर बदलले तरी पुढचे सगळे हॅश जुळेनासे होतात. शिवाय वही एका दप्तरात नसते. तिच्या प्रती अनेकांकडे असतात आणि नवी नोंद बहुमताने स्वीकारली जाते.

कल्पना बिटकॉइनपेक्षा जुनी आहे. हेबर आणि स्टॉर्नेटा या संशोधकांनी दस्तांवर काळाचा शिक्का मारण्याची अशी पद्धत १९९१ मध्ये मांडली. पुढे त्यावर निघालेली कंपनी दर आठवड्याचा हॅश न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापत असे, म्हणजे तो बदलायचा तर छापून गेलेले सगळे अंक बदलावे लागतील. २००८ च्या बिटकॉइनने त्यात अनोळखी लोकांचे एकमत घडवण्याची रीत जोडली, पण ती भरमसाट वीज खाते आणि सेकंदाला सातच्या आसपास व्यवहार झेपवते. यंत्रांच्या सुरक्षेसाठी ती कामाची नाही. इथे ओळखीच्या, मोजक्या संस्थांनी मिळून चालवलेली ब्लॉकचेन लागते. तिची एकमताची पद्धत १९९९ मध्ये कास्त्रो आणि लिस्कोव्ह यांनी व्यवहार्य करून दाखवली. चार सभासदांपैकी एक खोटे बोलला तरी उरलेल्या तिघांचा निर्णय योग्य राहतो, हे तिचे साधे सूत्र.

संशोधन काय सुचवते

सूचना अनेक आहेत, पण त्या चार गटांत बसतात.

पहिला गट ओळखीचा. प्रत्येक यंत्राची सही पडताळण्याची सार्वजनिक किल्ली सामाईक वहीत नोंदवायची, हरवलेले किंवा चोरीला गेलेले यंत्र त्याच वहीत बाद करायचे. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जातो आणि एखाद्या गावावर जेमतेम काही मिनिटे असतो. दर वेळी नवा उपग्रह, कधी नवी कंपनी. प्रत्येकाने मूळ कंपनीच्या सर्व्हरला विचारत बसण्यापेक्षा सर्व भूकेंद्रांकडे एकच यादी असणे सोयीचे. ही सूचना टिकाऊ आहे.

दुसरा गट फर्मवेअरचा. यंत्रातली प्रणाली बदलण्याचा हुकूम खरा आहे का, त्याचा हॅश वहीतल्या हॅशशी जुळतो का, आणि त्यावर ठरलेल्या पक्षांच्या सह्या आहेत का, हे यंत्राने तपासायचे. का-सॅटच्या अनुभवानंतर ही सूचना सर्वांत मोलाची वाटते.

तिसरा गट पुराव्याचा. सेन्सरचे आकडे, ड्रोनच्या उड्डाणांच्या नोंदी, आलेले-गेलेले हुकूम यांचे हॅश वहीत ठेवायचे. स्वस्त, सोपे आणि चौकशीत उपयोगी.

चौथा गट आर्थिक. लोकांनी स्वतःच्या खर्चाने यंत्रे लावावीत आणि त्याबद्दल डिजिटल नाणी मिळवावीत. अमेरिकेतल्या ‘हीलियम’ने २०१९ पासून हे करून पाहिले. लोकांनी घराघरांत सेन्सरचे संदेश पकडून पुढे पाठवणारे गेटवे लावले, पण काहींनी गेटवेचे ठिकाणच खोटे सांगून नाणी उकळली, आणि शेवटी अशांची काळी यादी कंपनीला बनवावी लागली. २०२३ मध्ये हीलियमने स्वतःची ब्लॉकचेनही सोडून दुसऱ्या ब्लॉकचेनवर बस्तान हलवले.

वहीच उपग्रहावर ठेवावी, असेही काही जण सुचवतात. २०१९ च्या डिसेंबरात स्पेसचेन कंपनीचे असे उपकरण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले. प्रयोग म्हणून ठीक. पण उपग्रहावर वीज मोजकी, संगणक साधे, किरणोत्साराने स्मृतीतले अंक पलटण्याची भीती, आणि दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही. त्यापेक्षा ब्लॉकस्ट्रीम कंपनीने २०१७ पासून स्वीकारलेला मार्ग शहाणपणाचा. तिथे उपग्रह बिटकॉइनची वही फक्त खाली प्रक्षेपित करतो, हिशेब जमिनीवरच होतो.

बाइटांचा हिशेब

या विषयावरच्या अनेक प्रबंधांत जी गोष्ट एका ओळीत उरकली जाते, ती थोडी जवळून पाहू. नदीवरचा सेन्सर बॅटरीवर चालतो आणि वर्षानुवर्षे चालावा अशी अपेक्षा असते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या परवानामुक्त पट्ट्यात लोरावॅन या कमी विजेच्या, लांब पल्ल्याच्या रेडिओ पद्धतीने तो बोलतो. सर्वांत लांबचा पल्ला गाठायचा तर एका संदेशात जास्तीत जास्त ५१ बाइट मावतात. पाण्याची पातळी, वेळ, बॅटरीची स्थिती याला १०-१२ बाइट पुरतात. पण आजची प्रचलित डिजिटल सही ६४ बाइटांची असते. म्हणजे संदेशापेक्षा सही मोठी, आणि ती एका संदेशात मावतच नाही. क्वांटम संगणकापुढेही टिकावी म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेने प्रमाणित केलेली नवी सही सर्वांत लहान स्वरूपातही २,४२० बाइटांची आहे. ती पाठवायची तर ४८ संदेश लागतील. बिटकॉइनची पूर्ण वही ५०० जीबीच्या पुढे गेली आहे, आणि अशा सेन्सरची स्मृती किलोबाइटांत मोजतात.

तेव्हा प्रत्येक आकडा ब्लॉकचेनवर, ही घोषणा इथेच संपते. यावर उपाय आहे, आणि तो साधा आहे. सेन्सरने दर १५ मिनिटांनी आकडा पाठवावा. त्यावर लोरावॅनची नेहमीची ४ बाइटांची तपासणी-खूण असतेच. दिवसभराच्या ९६ आकड्यांचा मिळून सेन्सरने स्वतःच हॅश काढावा आणि त्यावरची सही दिवसातून एकदा, दोन संदेशांत पाठवावी. गेटवेने तो हॅश वहीत टाकावा. वहीचा भार दिवसाला काही बाइटांचा आणि तरीही ९६ पैकी एकही आकडा नंतर गुपचूप बदलता येत नाही. पूर चढत असताना दिवस संपायची वाट न पाहता तासातासाने सही पाठवावी.

वेळेचाही हिशेब करावा लागतो. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद जातो आणि एकमताला अशा तीन फेऱ्या लागतात. पुराव्याच्या नोंदीला एखादा सेकंद काहीच नाही. पण ड्रोनला वळण्याचा किंवा धरणाच्या दाराला उघडण्याचा हुकूम बहुमताची वाट पाहत थांबला तर अनर्थ होईल. हुकूम थेट जावा, त्याची नोंद मागून वहीत यावी.

खोटा आकडा, पक्की नोंद

ब्लॉकचेन नोंद बदलू देत नाही, पण नोंद खरी आहे की खोटी हे तिला कळत नाही. सेन्सरच्या तोंडाशी गाळ बसला, कोणी त्यावर गोणपाट टाकले किंवा बनावट संकेत पाठवून नौकेच्या ट्रान्सपॉन्डरला चुकीचे ठिकाण दाखवले, तर चुकीचा आकडा कायमचा कोरला जाईल. यंत्रातली सही करण्याची गुप्त किल्ली कोणी काढून घेतली तर चोराची सहीही खरीच ठरेल. त्यासाठी किल्ली वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये ठेवणे, शेजारच्या दुसऱ्या सेन्सरशी आकडा ताडून पाहणे आणि माणसाने अधूनमधून जाऊन पाहणी करणे, याला पर्याय नाही.

दुसरी अडचण गोपनीयतेची. सातपाटी-डहाणूच्या कोळी बांधवांना विचारा, मासळी कुठे लागली हे कोणी सहज सांगत नाही. नौकांची ठिकाणे सर्वांना वाचता येईल अशा वहीत गेली तर त्यांच्या धंद्याचे गुपितच चव्हाट्यावर येईल. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि ब्लॉकचेनवरून काही पुसता येत नाही. म्हणून माहिती बाहेर, हॅश आत, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा लागतो.

आपल्याकडची सुरुवात

महाराष्ट्राला ब्लॉकचेनचा अनुभव आहे, पण तो कागदपत्रांचा. २०२१ मध्ये राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने पदविका प्रमाणपत्रे इथेरियम ब्लॉकचेनवर पडताळता येतील अशी व्यवस्था केली. २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत ६५,००० जात प्रमाणपत्रांसाठी पॉलिगॉन ब्लॉकचेन वापरली गेली. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘विश्वस्य’ हा ब्लॉकचेन सेवासंच आणला. त्याची केंद्रे भुवनेश्वर, हैदराबाद आणि पुणे इथे आहेत. म्हणजे प्रत्येक खात्याने स्वतःची ब्लॉकचेन बांधण्याची गरजच नाही.

कायदाही त्याच दिशेने आला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर द्यायच्या प्रमाणपत्रात त्याचा हॅश नमूद करावा लागतो. घटना घडली त्याच दिवशी अनेकांच्या वहीत गेलेला हॅश आणि वाद झाल्यावर काढलेला हॅश, यांत न्यायालयाला कोणता अधिक पटेल हे उघड आहे.

मग करायचे काय

तानसाच्या उदाहरणापुरते उत्तर देता येते. धरण महापालिकेचे, वरच्या दोन तालुक्यांची जबाबदारी ठाणे जिल्हा प्रशासनाची, वसईची पालघरची आणि नद्यांचे जाणकार खाते जलसंपदा. हे चारच सभासद घेतले तरी एक चुकला किंवा खोटे बोलला तर बाकीचे तिघे नोंद सांभाळतील. वहीत फक्त यंत्रांच्या किल्ल्या, फर्मवेअरचे हॅश, सेन्सरच्या आकड्यांचे हॅश आणि इशारे सुटल्याच्या-पोहोचल्याच्या वेळा असाव्यात. ग्रामपंचायतीला वही वाचण्याचा हक्क असावा. उपग्रह आणि ड्रोन यांनी निरोप्याचे काम करावे, पंचाचे नाही.

आणि क्रम चुकू नये. आधी कारखान्याचे पासवर्ड बदला, प्रत्येक यंत्राला स्वतंत्र किल्ली द्या, फर्मवेअर सहीशिवाय बदलता येणार नाही असे करा, व्यवस्थापनाचे जाळे वेगळे ठेवा. ब्लॉकचेन त्यानंतर. हे चार सोडून जो थेट ब्लॉकचेन विकायला येतो, तो सुरक्षा विकत नाही, नाव विकतो.

म्हणून नगरपालिका, जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीसमोर असा प्रस्ताव आला तर सभासदांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. वही कोणाकोणाकडे असेल? यंत्रातली किल्ली चोरीला गेली तर ते कोण आणि किती वेळात बाद करेल? आणि हेच काम एका साध्या, सही असलेल्या नोंदवहीने होणार नाही, ते का? तिसऱ्याचे उत्तर ‘कारण आमचा एकमेकांवर विश्वास नाही’ असे प्रामाणिकपणे येत असेल, तर ब्लॉकचेन जरूर घ्यावी. नसेल, तर तो पैसा चांगल्या सेन्सरवर आणि त्यांची देखभाल करणाऱ्या माणसांवर खर्च करावा.